परवापासून बंद

१

शनिवारी सकाळी सव्वानऊ वाजता सूनबाई माळ्याच्या शिडीवरून खाली उतरली तेव्हा तिच्या एका हातात पिंजरा होता आणि दुसऱ्या हाताने तिने नाक दाबलं होतं. पिंजऱ्यात एक उंदीर मरून पडला होता.

घरात उंदीर मेला ही काही चौकशी बसवण्यासारखी गोष्ट नाही, हे मान्य. चार घरांत लोक सुटकेचा निःश्वास टाकतील. पण या घरात उंदीर मारायचा नाही असा नियम होता, आणि तो दादांनी केलेला होता. दादा म्हणजे सूनबाईचे सासरे. त्यांनी तीस वर्षं धान्याचं गोदाम सांभाळलं आणि त्या तीस वर्षांत स्वतःच्या हाताने उंदरांना किती विष घातलं याचा हिशोब त्यांनी कधी कुणाला सांगितला नाही. निवृत्त झाले त्या दिवशी घरी येऊन चपला काढता काढता एवढंच म्हणाले, "पुरे झालं. माझ्या घरात आता एकही मरायचा नाही."

तेव्हापासून घरात जाळीचे पिंजरे आले. आत पावाचा तुकडा आणि चार शेंगदाणे ठेवायचे, उंदीर आत गेला की दार पडतं. मग पिंजऱ्यावर फडकं टाकायचं, अंधारात तो फार घाबरत नाही, आणि नाल्यापलीकडे झुडपांत नेऊन सोडायचा. भिंतीतली भोकं भांडी घासायच्या तारेने बुजवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लावलेला पिंजरा सकाळ-संध्याकाळ बघायचाच, मग घराला आग लागली तरी. वर्षभरात अकरा उंदीर असे सुखरूप रवाना झाले होते.

बारावा सूनबाईच्या हातात होता, आणि दादा खुर्चीतून त्याच्याकडे एकटक बघत होते. त्यांच्या हातातला कप कलला आणि चहा धोतरावर सांडला, तरी त्यांना कळलं नाही.

ते बघून आत्याचा तोल गेला. आत्या दादांची धाकटी बहीण. छापखान्यांची मुद्रितं तपासण्यात तिचा जन्म गेला होता आणि अजूनही घरबसल्या तेच चालू होतं. घरचे तिला लाडाने आणि थोडं घाबरून 'काना-मात्रा' म्हणत. एका नातेवाइकाने पाठवलेल्या शोकपत्रातल्या वेलांट्या सुधारून तिने ते परत पाठवलं होतं, यावरून काय ते समजा. चूक दिसली की लगेच तिच्यावर बोट ठेवायचं, ही तिची सवय.

तिने स्वयंपाकघराकडे बोट केलं.

"बाई, बाहेर या."

स्वयंपाकाच्या बाई हात पुसत आल्या. सात वर्षं या घरात होत्या. पिंजरा बघून त्यांचा चेहरा उतरला.

"गेल्या महिन्यात तुम्ही उंदराच्या औषधाची पुडी आणली होतीत ना? दोन दिवसांत साफ होतील म्हणाला होतात?"

"आणली होती. तुम्ही नको म्हणालात, परत नेली."

"परत नेलीत की वर ठेवलीत?"

बाई काही बोलल्या नाहीत. एवढी वर्षं ज्या माणसाला आपण ओळखतो त्याने असं विचारलं की बोलायला शब्द सापडत नाहीत, हे आत्याला तेव्हा सुचलं नाही. तिला ते गप्प राहणं म्हणजे कबुली वाटली.

"उद्यापासून येऊ नका," ती म्हणाली.

बाईंनी पदराला हात पुसले, चिरून ठेवलेली भाजी झाकली, चपला घातल्या आणि गेल्या. सगळं मिळून पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

२

दुपारी दादांनी पिंजरा मागितला. आत्याने जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून तो त्यांच्यापुढे आणला. गुडघ्यांमुळे दादांना शिडी चढणं सोडाच, उठून उभं राहायलाही दुसऱ्याचा हात लागे. पण डोळे अजून तीक्ष्ण होते. त्यांनी चष्मा चढवला आणि बराच वेळ वाकून बघितलं.

"बाईंनी काही केलेलं नाही," ते म्हणाले.

आत्याने मान वर केली. "कशावरून?"

"विष खाल्लेला उंदीर मी हजार वेळा बघितलाय. तो सुस्त होऊन एका जागी पडून राहतो. आणि हा बघ." त्यांनी पिंजऱ्याची लाकडी फळी दाखवली. दारापाशी ती कुरतडून बोटभर खोल झाली होती. दोन तारा वाकल्या होत्या. "शेंगदाण्याचं सालसुद्धा शिल्लक ठेवलेलं नाही. पावाचा कण नाही. पंजे बघ, सोलवटलेत. हा धडपडत होता. एक दिवस, दोन दिवस, जास्तच."

"म्हणजे?"

"म्हणजे याला कुणी मारलं नाही. याला कुणी बघितलं नाही. हा तहानेने मेला."

आत्या खाली बसली. जीव वाचवायला म्हणून लावलेल्या पिंजऱ्यात एक जीव तहानेने तडफडून मेला होता, आणि ती खाली त्याच छपराखाली बसून ऱ्हस्व-दीर्घ तपासत होती. विषाने तरी लवकर सुटला असता, असा विचार मनात आला आणि तिची तिलाच लाज वाटली.

"मग बाईंना आत्ताच्या आत्ता बोलावून घे," दादा म्हणाले.

खरं तर तसंच करायला हवं होतं. बाईंचं घर पंधरा मिनिटांवर होतं. पण आत्या उठली नाही. नुसतं 'चुकले' म्हणून कसं जायचं? तिच्या धंद्यात चूक दाखवली की शेजारी दुरुस्तीही लिहावी लागते. कुणाच्या हातून झालं ते शोधायचं आणि मग ताठ मानेने जाऊन सांगायचं, असं तिने ठरवलं. त्यात आपला अहंकार किती आणि न्याय किती, हे तिने तपासलं नाही.

"पिंजरा न बघणारा माणूस याच घरातला आहे," ती म्हणाली. "तो आधी सापडू दे."

आणि तिने सूनबाईला हाक मारली.

३

सूनबाई दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणणारी ही मुलगी आत्यासमोर मात्र तोंड उघडताना जपून असे.

"माळ्यावरचा पिंजरा मी लावला होता," ती म्हणाली. "गेल्याच्या गेल्या गुरुवारी. वर आवाज येत होते म्हणून. हा कामासाठी बाहेरगावी होता, तेव्हा मीच रोज दोनदा वर चढत होते. सोमवारी सकाळी मला बहिणीकडे जायचं होतं, तिचं ऑपरेशन होतं. जायच्या आधी शेवटचं बघितलं, पिंजरा रिकामा होता. मग फळ्यावर लिहून गेले, ती काल रात्री परत आले. आज सकाळी वास आला म्हणून वर चढले."

स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक काळा फळा होता. घरातलं सगळं त्यावर लिहिलं जाई. कारण या घरात प्रत्येकाची वेळ वेगळी, आणि बोलणं व्हायचं ते खडूनेच.

"काय लिहिलंस? अगदी शब्दशः सांग."

"माळ्यावरचा पिंजरा परवापासून बंद करायचा आहे. पाच दिवसांत काही आलं नव्हतं ना. म्हटलं, आणखी दोन दिवस बघू आणि बुधवारी बंद करू. हा सोमवारी संध्याकाळी येणारच होता. त्याने बुधवारपर्यंत बघायचा आणि मग बंद करायचा, यात न कळण्यासारखं काय आहे?" तिचा आवाज चढला. "आत्या, मी बुधवारी फोनसुद्धा केला. विचारलं, पिंजरा बंद ना? हा म्हणाला, बंदच आहे. चक्क खोटं बोलला माझ्याशी!"

भाचा, म्हणजे दादांचा मुलगा आणि सूनबाईचा नवरा, संध्याकाळी आला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दिवसभर अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं हेच त्याचं काम, हे आठवून आत्याला कसंसंच झालं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो लालबुंद झाला.

"मी खोटं नाही बोललो. फळ्यावर बंद आहे असं लिहिलं होतं!"

"बंद करायचा आहे, असं लिहिलं होतं," सूनबाई म्हणाली.

"बंद आहे! मी स्वतः वाचलं. परवापासून बंद. सोमवारी वाचलं, म्हणजे शनिवारपासून बंद. मी शनिवारी इथे नव्हतो, मला वाटलं तू बंद करून टाकलास. मग रिकाम्या पिंजऱ्यासाठी शिडी कशाला चढू? तू फोनवर विचारलंस तेव्हा म्हटलं, बंदच आहे की."

"तू वाचलंच नसशील. शिडीचा कंटाळा!"

"आणि तू धड लिहिलं नसशील!"

दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली. आत्या फळ्यापाशी गेली. तिथे आता या आठवड्याची भाजीची यादी होती, तिच्याच रेखीव अक्षरात. शुक्रवारी फळा पुसायचा ही घरची पद्धत, आणि काल तिनेच तो पुसला होता. पुरावा गेला होता.

दोन साक्षीदार आणि दोन वेगळी वाक्यं. कुणीतरी एक खोटं बोलत होतं. सूनबाई खोटी ठरली तर निष्काळजी, भाचा खोटा ठरला तर आळशी आणि वर लबाड. रात्री जेवताना कुणी कुणाशी बोललं नाही. आत्याने स्वतः केलेली भाजी खारट झाली होती, तेही कुणी बोलून दाखवलं नाही.

४

रविवार असाच गेला. सोमवारी सकाळी आत्या समोर मुद्रितं घेऊन बसली, पण एकाच ओळीवरून नजर पुन्हा पुन्हा फिरत होती. दोघांचेही चेहरे तिने लहानपणापासून, म्हणजे एकाचा लहानपणापासून आणि दुसरीचा लग्नापासून, बघितले होते. दोघंही खोटं बोलणारी नव्हती. आणि दोघंही खरं बोलत असतील तर?

तिच्या मनात पाल चुकचुकली. सूनबाईने एक वाक्य लिहिलं. भाच्याने दुसरं वाचलं. मधे दहा तास गेले होते. फळ्यावरचे शब्द आपोआप तर बदलत नाहीत.

ती दादांकडे गेली. दादांची खुर्ची फळ्याच्या बरोबर समोर असे. सकाळ, दुपार, संध्याकाळ त्यांच्यापुढे तोच फळा.

"दादा, गेल्या सोमवारी फळ्यावर पिंजऱ्याबद्दल काय होतं? आठवतं?"

"आठवायचंय काय, चार दिवस तेच तर वाचत होतो. माळ्यावरचा पिंजरा परवापासून बंद."

"बंद करायचा आहे?"

"नाही. बंद. तिथे संपलं. चारच शब्द. मला तेव्हाच वाटलं होतं, ही सूनबाईची भाषा नव्हे. ती कशी, सगळं सविस्तर लिहिते." ते थांबले. "बंदच्या पुढे पांढरा फराटा होता. ओलं फडकं फिरवल्यासारखा. आणि त्या फराट्यावर गॅसवाल्याचा नंबर."

आत्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

सूनबाई नऊला गेली. भाचा संध्याकाळी सातला आला. दादा उठू शकत नव्हते. बाई फळ्याला कधी हात लावत नसत, कारण एकदा त्यांनी 'दुध' लिहिलं होतं आणि आत्याने त्याखाली रेघ मारून ठेवली होती. मग उरलं कोण, हे कळायला फार हुशारी नको होती.

गॅसवाल्याचा नंबर आत्यानेच लिहिला होता. गेल्या सोमवारी अकराच्या सुमाराला. फळ्यावर जागा नव्हती. तिने वरचं वाक्य वाचलं, आणि हातातली पेन्सिल जशी आपोआप चालते तसं फडकं चाललं. 'करायचा आहे'. फाफटपसारा. 'बंद' म्हटल्यावर अर्थ येतोच की! असली 'करायचा आहे', 'करण्यात येत आहे' तिने आयुष्यभर खोडली होती आणि लेखकांनी त्याबद्दल तिचे आभार मानले होते. तिने दोन शब्द पुसले, आणि त्याबरोबर वाक्याचा काळ पुसला गेला. परवा मागेही असतो आणि पुढेही. तो कुठल्या बाजूचा, हे सांगायचं काम क्रियापदाचं. ते गेलं, आणि बुधवारचा शनिवार झाला.

तिने जोडणी करून बघितली. सूनबाईने खरं लिहिलं. भाच्याने जे होतं ते वाचलं. त्याला चुकीचं वाटावं असं त्यात काहीच नव्हतं. त्या सोमवारी रात्री किंवा मंगळवारी उंदीर आत गेला, आणि ज्याने वर चढायचं त्याला वाटलं की पिंजरा चालूच नाही.

"मी मारलं त्याला," ती म्हणाली. "दादा, मी."

तिला वाटलं दादा रागावतील. त्यांनी चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला.

"मंगळवारी मी आवाज ऐकला होता," ते हळूच म्हणाले. "माझ्या खोलीच्या वरच तर माळा आहे. रात्रभर कुरतडत होता. मी स्वतःला म्हटलं, पिंजरा बंद आहे, हा मोकळा फिरणारा कुणी असेल. कुणाला सांगितलं असतं तर बघून आलं असतं. पण गोदामात सवय झाली होती ना. पोत्यांमागून आवाज यायचे विष घातल्यावर. ऐकायचे नाहीत. मी पालथा झालो आणि झोपलो." त्यांनी डोळे पुसले. "नियम माझाच होता की."

संध्याकाळी आत्याने सगळ्यांना बसवून सांगितलं. भाचा उठून फळ्यापाशी गेला. मग म्हणाला, "खरं सांगू? 'बंद' वाचून मला बरं वाटलं होतं. एकदा विचारायला हवं होतं हिला. विचारलं असतं तर चढावं लागलं असतं." सूनबाई म्हणाली, "मी तरी कुठे सांगितलं? फोनवर 'बंद ना' विचारलं आणि दुसरं बोलायला लागले. उंदीर होता का, हे विचारलंच नाही." दोघांनी एकमेकांकडे बघितलं. भांडण मिटलं होतं, पण हलकं कुणालाच वाटत नव्हतं.

"आणि बाई?" सूनबाईने विचारलं.

आत्या उठली आणि तिने चपला घातल्या.

५

बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. सात वर्षांत आत्या तिथे पहिल्यांदाच आली होती. तिला दोनदा पत्ता विचारावा लागला. बाईंनी दार उघडलं, बघितलं, आणि आत या म्हणाल्या नाहीत. आत्याने दारातच उभं राहून सगळं सांगितलं. फळा, फडकं, ते दोन शब्द. पुडीबद्दल जे बोलली ते किती वाईट होतं, तेही.

बाईंनी दाराची कडी धरूनच सगळं ऐकलं. आत्याचं बोलून संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "शनिवारी दुपारीच कळलं होतं ना तुम्हाला, मी काही केलं नाही म्हणून?"

"हो."

"आज सोमवार."

"हो," आत्या म्हणाली. "कुणी केलं ते शोधत होते."

"उंदरासाठी तीन दिवस चौकशी केलीत." बाईंचा आवाज चढला नाही, आणि तेच आत्याला सोसेना. "माझ्यासाठी नाही केलीत. पुडी कुठे आहे एवढं विचारलं असतंत तरी दाखवली असती. अजून फोडलेली नाही. तुम्ही नको म्हणालात तेव्हा घरी येऊन मी फळीवर ठेवली. माझ्याच्याने पण नाही घातली गेली."

आत्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. तिने त्या पुसल्या नाहीत. "बाई, माझं चुकलं. परत याल का? तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजून घेईन. दुसरीकडे काम बघून द्यायचं तर तेही करीन."

बाईंनी जिन्याकडे बघितलं. खाली कुणीतरी नळाखाली बादली ठेवली, तिचा आवाज वर येत होता.

"येईन," त्या म्हणाल्या. "सात वर्षांची सवय आहे, दादांना दुसऱ्या कुणाच्या हातचं जायचं नाही. उद्या सकाळी येते."

आत्याने हात जोडले. बाईंना ते आवडलं नसावं. त्यांनी दार लोटायला घेतलं. आत्या दोन पायऱ्या उतरली, तेवढ्यात दार पुन्हा थोडं उघडलं.

"आत्याबाई, बुधवारी मी तुम्हाला सांगितलं होतं, आठवतंय का?"

"काय?"

"माळ्यावर काहीतरी धडपडतंय, जरा बघा, म्हणून. मी भांडी पुसत होते, तुम्ही तुमच्या कागदांवर होतात."

आत्याने बुधवार आठवून बघितला. पुस्तक आठवलं, प्रकरण आठवलं, पानाच्या खालच्या बाजूला राहून गेलेला पूर्णविरामसुद्धा आठवला. बाईंचा आवाज काही केल्या आठवेना.

"मी काय म्हणाले?"

"बघते म्हणालात," बाई म्हणाल्या. "मान वर नव्हती केली, पण म्हणालात. मी निवांत घरी आले. म्हटलं, बरं झालं सांगितलं, आता सुटेल बिचारा."